तसा काही त्रास नाही

घराचा आकडा आधी कोणी उच्चारायचा, या एका प्रश्नात आमच्या सांगलीच्या घरातली पंचवीस मिनिटे गेली. २०२३ चा जानेवारी होता. गावभागातले जुने घर विकायचे ठरले होते. घेऊ इच्छिणारे गृहस्थ पत्नीसह समोर बसले होते, मध्ये दलाल, खिडकीशी मी, आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आई. चहा झाला, पेरूच्या फोडी झाल्या, कोणाचे कोण कुठे असते याची उजळणी झाली.

"तुमची अपेक्षा कळली की आम्हाला काहीतरी बोलता येईल."

"दोनदा घर बघून गेलाय तुम्ही. मनात काहीतरी असेलच की," धाकटा भाऊ म्हणाला.

"वस्तू तुमची. किंमत तुम्हीच सांगायची."

"वस्तू आमची, पण घेणार तुम्ही."

मी वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवते. नाटकात जे बोलले जात नाही त्याकडे कान द्या, असे वर्गात दर वर्षी सांगते. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त अंगणात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर काय बोलतो, यावर मी सलग अर्धा तास बोलू शकते. पण त्या दुपारी, माझ्याच वडिलांच्या घरात, मला एक वाक्य जुळवता येईना. शेवटी भावानेच 'अठ्ठेचाळीस' म्हटले आणि म्हणताक्षणी त्याच्या चेहऱ्यावर आपण काहीतरी गमावल्याचा भाव आला. गृहस्थ हसले नाहीत, चकित झाले नाहीत. त्यांनी फक्त बशीतली उरलेली फोड उचलली आणि म्हटले, "छत्तीसपर्यंत आमचा विचार होता."

वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मालाचे भाव वहीत लिहिले; हळदीचे, गुळाचे. लहानपणी ते आम्हाला रुमालाखालच्या सौद्याची गोष्ट सांगत. पूर्वी जनावरांच्या बाजारात आणि अडतीतही हा प्रकार सर्रास चाले. घेणारा आणि देणारा यांच्या हातांवर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकलेला. आत बोटे दाबून आकडा सांगायचा, समोरच्याने बोटांनीच उत्तर द्यायचे. भोवती वीस माणसे उभी, पण कोणालाच काही कळत नाही, आणि ज्याचा माल आहे त्या शेतकऱ्याला तर मुळीच नाही. बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले आणि हा प्रकार मागे पडला. वडिलांना रुमालाचा राग होता. आम्हाला मात्र ती जादू वाटे आणि आम्ही भावंडे उशीच्या अभ्र्याखाली बोटे दाबून एकमेकांना बैल विकत असू. त्या दुपारी दोन्ही पक्ष तोंडाने अखंड बोलत होते, तरी मला सारखा तो अभ्रा आठवत होता.

आपण या सगळ्याला 'बोलणी' म्हणतो. लग्नाचीही बोलणीच असतात. एकदा हे साम्य डोळ्यांत भरले की मग सुटका नाही. घर 'बघायला' येतात, आपण ते 'दाखवतो'. येण्याआधी घरातला पसारा पलंगाखाली ढकलला जातो. पाहुणे 'कळवतो' म्हणून जातात आणि कळवत नाहीत. 'पसंत आहे, पण' हे वाक्य मध्यस्थामार्फत येते. मग बैठक, मग देणेघेणे. तिकडे पत्रिका बघतात, इकडे तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. माझ्या लग्नाआधी मला चार ठिकाणी दाखवले होते, त्यामुळे त्या जानेवारीत घराच्या बाजूने उभे राहून बघण्याचा जो अनुभव मला आला, तो भावाला येणे शक्य नव्हते. पाहुण्यांच्या पत्नीने स्वयंपाकघराच्या ओट्यावरून बोट फिरवले आणि ते बोट पाहिले, तेव्हा माझ्याच गालावरून कोणी बोट फिरवल्यासारखे झाले.

मध्यस्थाविषयी थोडे. त्याला आपण हसतो, त्याच्या दोन टक्क्यांवर चरफडतो, पण त्याच्यावाचून चालत नाही, कारण जे आपल्याला तोंडावर सांगता येत नाही ते सांगण्यासाठीच तो असतो. 'दलाल' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. त्याच्या धातूचा अर्थ दाखवणे, वाट दाखवणे. 'दलील' म्हणजे पुरावा किंवा युक्तिवाद, हा शब्दही त्याच धातूचा. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. आणि मध्यस्थांची परंपरा काय आजची आहे? महाभारतातले उद्योगपर्व म्हणजे एका अर्थी फिसकटलेल्या वाटाघाटींचाच ग्रंथ. आधी द्रुपदाचा पुरोहित, मग उलट बाजूने संजय, शेवटी स्वतः कृष्ण. युधिष्ठिर अर्ध्या राज्यावरून पाच गावांवर येतो. मागणी इतकी खाली आणायची की नकार देणाऱ्याचाच चेहरा उघडा पडावा, ही युक्ती घराच्या दलालांनाही चांगली ठाऊक असते. आमच्या दलालाने ती भावावर वापरली. "दादा, लाखभरासाठी गिऱ्हाईक सोडणार तुम्ही?" असे तो जवळजवळ कळवळून म्हणे, आणि हा 'लाखभर' दर खेपेला नवा असे.

असो. दुसऱ्या बैठकीत आकडे ४१ आणि ४३ वर येऊन थांबले. दोन लाखांचे अंतर. तिथे बोलणी बराच वेळ रुतून राहिली. मग त्या गृहस्थांनी, जणू विषय बदलावा तसे, विचारले:

"एकोणीसला पाणी कुठवर आलतं हो इथं?"

सांगलीत घर घेताना हा प्रश्न येणारच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथे ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ धोक्याची; सांगलीकराला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. २००५ चा पूर आमच्या घराने पाहिला होता, पण २०१९ चा निराळाच. पाणी आठवडाभर हलले नाही. ते ओसरल्यावर वडिलांनी मधल्या चौकटीवर खिळ्याने एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी साल कोरले. २००५ ची रेघ तिच्याखाली आधीपासून होतीच. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले, तेव्हा रेघ ओढायला वडील नव्हते.

विकायचे ठरल्यावर आम्ही घराला रंग दिला होता. भिंतींचा पोपडा काढून नवा गिलावा केला होता. चौकटीला तेलरंगाचे दोन हात दिले होते. ते करताना कोणी 'रेघा झाका' असे म्हटले नव्हते. रंगाऱ्याने आधी लांबी भरली, जशी तो कुठल्याही खाचेत भरतो. मी तिथेच उभी होते. मला ते दिसत होते. घर विकायचे तर रंग द्यावाच लागतो, असे मी स्वतःला सांगितले असावे.

भाऊ म्हणाला, "आलतं की. गुडघ्याएवढं असेल."

मी खिडकीबाहेर पाहिले.

"गुडघ्याएवढं कुठलं रे," उंबऱ्यावरून आई म्हणाली. "देव्हारा बुडाला होता. देव माळ्यावर नेले होते आम्ही."

देव्हारा भिंतीत, माझ्या छातीच्या उंचीला. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिले. दलालाने फोन काढून त्यात बघायला सुरुवात केली. भावाच्या मानेपर्यंत रंग चढत गेला. आईने कोणाला खोटे पाडण्यासाठी ते म्हटले नव्हते. चार माणसांत पुराची गोष्ट निघाली आणि तिने आपली भर घातली, इतकेच. आपण एका व्यवहारात बसलो आहोत आणि इथे प्रत्येक वाक्याला किंमत आहे, हे तिच्या गावीही नव्हते. निदान तेव्हा मला तसे वाटले.

गृहस्थ थोडा वेळ गप्प होते. मग आईकडे वळून म्हणाले, "म्हाईत आहे, काकू. माझं दुकान मागच्याच गल्लीत हाय. भुसार माल सगळा गेला." आणि भावाला म्हणाले, "एक्केचाळीस. मी बदलत नाही, तुम्हीपण ओढू नका."

४१ लाखांना घर गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी विसार म्हणून ११ हजार रुपये देव्हाऱ्यापुढे ठेवले.

भावाचे आजही म्हणणे आहे की आईने दोन लाख घालवले. तो माणूस बेचाळीसवर तरी नक्की आला असता. माझे म्हणणे असे की त्याला पाणी किती होते ते आधीपासून माहीत होते, ते त्याच्या पहिल्या छत्तीसमध्येच होते, आणि आईच्या वाक्याने आकडा तसूभरही हलला नाही. या वादाचा निकाल लागणे शक्य नाही. भाऊ मला विचारतो, "मग त्यानं विचारलं कशाला?" याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते मी त्याला अजून दिलेले नाही: त्याला पाणी मोजायचे नव्हते.

त्यानंतर केव्हातरी मी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढून वाचला. साहित्याच्या माणसाने कायदे अधूनमधून वाचावेत. गद्य म्हणून ते वाईट नसते. त्यातले ५५ वे कलम घेणाऱ्या-देणाऱ्याच्या कर्तव्यांविषयी आहे. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही ज्याचा त्याला शोध लागणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. हे अपेक्षितच होते. गंमत पुढे आहे. त्या मालमत्तेतल्या विकणाऱ्याच्या हक्काविषयी एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल, विकणाऱ्याला ती माहीत नसावी असे मानायला जागा असेल, आणि तिने त्या हक्काचे मोल वाढत असेल, तर तीही घेणाऱ्याने सांगितली पाहिजे. म्हणजे कायद्याच्या कल्पनेतली बैठक कशी? दोघेही एकमेकांच्या फायद्याच्या गोष्टी आठवून आठवून सांगताहेत. अशी बैठक मी तरी पाहिलेली नाही. एकच माणूस त्या कलमाप्रमाणे वागताना पाहिला, आणि तिने कायद्याचे नावही ऐकलेले नाही.

आता दुसरी बाजू. आई आमच्याकडे पुण्याला राहायला आली आणि तिच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट असलेले घर घेणे भाग पडले. सांगलीच्या पैशातला आईचा आणि माझा वाटा, वर बँकेचे कर्ज. मार्चपासून आम्ही घरे बघू लागलो. जे जे सांगलीला आम्ही पाहुण्यांच्या तोंडून ऐकले होते, ते ते आता आमच्या तोंडून येऊ लागले. "तुमची अपेक्षा काय?" मी विचारत असे. "वस्तू तुमची, तुम्हीच सांगा," नवरा म्हणे. तीन महिन्यांपूर्वी ज्या वाक्यांचा मला संताप येत होता, ती किती सहज उच्चारता येतात! आणि दाखवणाऱ्यांच्या तोंडी होती ती आमची वाक्ये: फार मनापासून बांधून घेतलंय हो, घाई तशी नाही आम्हाला, कालच एक जण बघून गेले. अठरा घरे पाहिली. त्यांतल्या चौदांत आदल्याच दिवशी कोणीतरी येऊन गेले होते.

वारज्यातले एक घर आम्हाला आवडले. चौथा मजला, वीस वर्षांची इमारत, निवृत्त पती-पत्नी, मुलगा परदेशी. त्यांनी क्षेत्रफळ ९५० चौरस फूट सांगितले. नवऱ्याने टेप धरली तर आत चालता येईल अशी जागा ६९० भरली. यात त्यांनी फसवले असे नव्हे. जिन्याचा, लिफ्टचा, भिंतींचा वाटा धरून आकडा सांगण्याची तेव्हाची रीतच तशी होती. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या बांधून दिली, पण जुन्या घरांची बोलणी अजून जुन्याच भाषेत चालतात. घर माझ्या एकटीच्या नावे घ्यायचे ठरले, त्याचे कारणही सांगून टाकते. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. सुरुवातीला तिला एक शेपूट होते: असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. तर घर माझ्या नावावर होणार होते, कर्ज माझ्या पगारावर, आणि तरीही दलाल पहिल्यापासून शेवटपर्यंत आकडा बोलला तो नवऱ्याशी. माझ्याशी तो स्वयंपाकघराविषयी बोलत असे. "मॅडम, ओटा बघा, ग्रॅनाइट आहे." एक टक्क्याची स्त्री ती एवढीच.

आईला घर दाखवायला आम्ही नेले नाही. चौकशी तिने दोनदा केली, दोन्ही वेळा आम्ही 'ऊन फार आहे' म्हणालो. ऊन होतेच. पण खरे कारण मला ठाऊक होते, नवऱ्यालाही होते, आणि आम्ही ते एकमेकांना सांगितले नाही.

त्यांनी ७९ सांगितले होते, आम्ही ६८ वरून सुरुवात केली. दलालाच्या खेपांनंतर ते ७५ वर आले, आम्ही ७३ वर. शेवटच्या बैठकीसाठी गेलो, तेव्हा आत पाऊल टाकताच मला रंगाचा वास आला. सगळ्या घराचा नव्हे, एका बाजूचा. दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत बाकी भिंतींपेक्षा किंचित पांढरी दिसत होती. तिच्यावर, जरा खालच्या बाजूला, एक मोठे कालनिर्णय लावलेले होते. माणूस जिथे वाचायला वाकणार नाही अशा उंचीवर. पुण्याचा पाऊस पश्चिमेकडून येतो. हे सगळे मी एखाद्या सराईतासारखे वाचले, कारण चारच महिन्यांपूर्वी मी दुसऱ्या गावात हाच मजकूर लिहिला होता.

"पावसाळ्यात भिंतीला ओल वगैरे?" मी विचारले.

"तसा काही त्रास नाही," काका म्हणाले.

व्याकरण शिकवणाऱ्या बाईपुढे हे वाक्य उच्चारू नये. 'जसा–तसा' ही जोडी आहे. एक आला की दुसऱ्याची वाट पाहायची. इथे 'तसा' एकटाच आला होता. मग त्याचा 'जसा' कुठे आहे? तो ऐकणाऱ्याच्या मनात असतो. तुम्ही जसा समजता तसा नाही. म्हणजे कसा तरी आहे. 'त्रास नाही' हे विधान खोटे ठरू शकते, पण 'तसा त्रास नाही' हे कधीही खोटे ठरणार नाही. ग्राइसने १९७५ च्या 'लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन' या निबंधात म्हटले आहे की संभाषण सहकार्याच्या तत्त्वावर चालते, आणि बोलणाऱ्याने ते तत्त्व वरवर मोडलेले दिसले की ऐकणारा शब्दांपलीकडचा अर्थ शोधू लागतो. विद्यार्थ्यांना हे समजावताना मी कुठली कुठली उदाहरणे शोधत असे. त्याऐवजी त्यांना एखाद्या रविवारी घरे बघायला न्यावे.

माझ्यापुढे आता दोन वाटा होत्या. एक आईची. उठून कालनिर्णय बाजूला करायचे आणि म्हणायचे, काका, इथे ओल आहे, नाही का? दुसरी मी घेतली. मी पाणी प्यायले आणि म्हटले, "आम्ही एकाहत्तर देऊ शकू."

घासाघिशीचा जो काही शिष्टाचार आहे त्यात हे बसत नाही. घेणाऱ्याने वर जायचे, देणाऱ्याने खाली यायचे. एकदा बोललेल्या आकड्यावरून घेणाराच खाली उतरला तर बैठक मोडते. समोरचा चिडतो, चिडलाच पाहिजे. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. दलालाचे तोंड उघडे राहिले. काका चिडले नाहीत. 'का' असेही त्यांनी विचारले नाही. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि काकू आतून कोकम सरबत घेऊन येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकाहत्तर पन्नास करा. आमचंही राहू द्या थोडं."

साडेएकाहत्तर लाखांना व्यवहार ठरला. मी एक्कावन्न हजारांचा धनादेश लिहिला. कोणी कोणाला फसवले नव्हते. त्यांना कळले होते की मला कळले आहे, मला कळले होते की त्यांना ते कळले आहे, आणि सगळा मजकूर दीड लाखाच्या रुमालाखाली बोटांनी सांगून झाला होता. बाहेर पडल्यावर नवऱ्याने माझे कौतुक केले. "तू तर भारीच निघालीस," तो म्हणाला. मला बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्री मात्र मला भावाची आठवण झाली. 'गुडघ्याएवढं' म्हणताना निदान त्याने तोंड उघडले होते.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मेमध्ये खरेदीखत झाले. सह्या, अंगठे, कॅमेऱ्यापुढे चेहरे. काकूंनी मला किल्ल्यांचा जुडगा दिला, कुठली कुठली ते सांगितले आणि गॅसच्या पाइपची एक खोड सांगितली, जी मी विचारलीही नव्हती. मग थोडे थांबून म्हणाल्या, "कालनिर्णय राहू दिलंय. वर्षभर होईल तुम्हाला."

आईला नव्या घरी आणले त्या दिवशी तिने आधी देवांची जागा विचारली, मग सगळ्या खोल्यांतून हळूहळू हिंडली. दिवाणखान्यात तिने भिंतीला हात टेकला. चालताना आधार म्हणून टेकला असेल. मग तो हात तिथेच ठेवून, वैद्याने नाडी बघावी तशी ती उभी राहिली.

"इथनं पाणी येतंय," ती म्हणाली.

"रंग नवा आहे गं, म्हणून गार लागतंय," मी म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. त्या मान हलवण्यात इतका समजूतदारपणा होता की सांगलीच्या उंबऱ्यावर तिने जे म्हटले ते सगळे समजून-उमजूनच म्हटले नव्हते ना, अशी शंका मला पहिल्यांदा आली. मी तिला अजून विचारलेले नाही.

सांगलीच्या गृहस्थांचा त्यानंतर दोनदा फोन आला, दोन्ही वेळा आईसाठी. पहिल्यांदा त्यांनी देव्हाऱ्याची दिशा विचारली. दुसऱ्यांदा सांगितले की रंगकाम काढताना चौकटीवरच्या लांबीखाली दोन रेघा आणि साले सापडली. सुताराला त्या तशाच ठेवायला सांगितल्या आहेत, आणि २०२१ ची रेघ राहिली आहे ती काकूंनी अंदाजाने सांगावी. आईने बराच वेळ विचार करून सांगितले, "खुंटीच्या खाली चार बोटं."

जूनच्या अखेरीस एका सकाळी वारज्याच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या नावाचे बँकेचे एक पत्र जुन्या पत्त्यावर येणार होते. मी ठेवून घेईन म्हटले. आईची चौकशी झाली, लिफ्टची झाली, वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या धावपळीची झाली. मग त्या अडखळल्या.

"आणि हॉलची... म्हणजे बाकी सगळं नीट आहे ना?"

समोर कालनिर्णयाचा खालचा कोपरा भिंतीला चिकटून बसला होता. आदल्या दिवशी पान उलटायला गेले तर ते उलटत नव्हते.

"अजून पाऊस कुठे सुरू झालाय," मी म्हटले.